मातीची ओढ असलेले एक्केचाळीस जण

मे महिन्यात प्रवेशाची यादी आली, तेव्हा अर्लिसला वाटलं प्रिंटर बिघडला.

विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागाची सेक्रेटरी म्हणून ती अठ्ठावीस वर्षं ही यादी छापत होती, आणि इतक्या वर्षांत यादी सातव्या नावापुढे कधी सरकली नव्हती. त्या सातांतही एखाददुसरा चुकून आलेला असायचा. एका साली तर एका मुलाला समाजशास्त्राच्या चौकटीत खूण करायची होती, ती घसरून खालच्या चौकटीत पडली. बिचारा संकोचापोटी चार वर्षं माती चिवडत राहिला. या वेळी मात्र कागद बाहेर येतच राहिला. अर्लिसनं मशीनला दोन चापट्या मारल्या, प्लग काढून परत लावला आणि मग नावं मोजली. एक्केचाळीस.

"अर्विड," तिनं आतल्या खोलीकडे हाक मारली, "इकडे ये. आणि आधी बस."

प्राध्यापक अर्विड लुंडीन विभागप्रमुख होते. वय बासष्ट, उंच, जन्मभर जमिनीकडे बघत चालल्यामुळे मानेपाशी वाकलेले. नखांत कायम गाळ. त्यांचा विभाग कोंबडीशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात होता. तिथे तीन प्राध्यापक बसत. त्यांच्यापैकी एकजण दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते, पण तसं सांगायला कुणी खाली आलं नाही म्हणून येत राहिले होते. मार्च महिन्यात डीन किप हॉलेनबेक जातीनं तळघरात उतरले होते. डीनसाहेबांना वाईट बातमी खांद्यावर हात ठेवून द्यायची सवय होती. "अर्विड, मित्रा," ते म्हणाले होते, "यंदा दहा पोरं नाही आली, तर तुला बागकामवाल्यांत मिसळून टाकतो." दुसऱ्या दिवशी बागकामवाल्यांचा प्रमुख टेप घेऊन येऊन खोल्यांची मापंही घेऊन गेला होता.

आणि आता एक्केचाळीस.

लुंडीननी यादी दोनदा वाचली. मग ते उठून खिडकीपाशी गेले. तळघर असल्यामुळे खिडकीतून लोकांचे बूट तेवढे दिसायचे, तेच बघत उभे राहिले.

"मला वाटायचंच," ते म्हणाले. "पिढी बदलतेय."

डीननी खूश होऊन मुलांचे प्रवेश-निबंधही पाठवून दिले. लुंडीननी ते घरी नेले नाहीत. ऑफिसातच बसून अर्लिसला मोठ्यानं वाचून दाखवू लागले. एका मुलीनं लिहिलं होतं, लहानपणी आजीच्या अंगणातली माती मी जिभेवर ठेवली आणि त्या क्षणी मला माझी दिशा कळली. एक मुलगा पाऊल टाकण्यापूर्वी मनातल्या मनात जमिनीची माफी मागत असे. लुंडीनना चष्मा पुसावा लागला.

"अर्विड," अर्लिस म्हणाली, "मी डुकरांच्या फार्मवर वाढले. बारा वर्षांची होईस्तोवर माझ्या कानांत चिखल होता. मला असलं काही एकदाही झालं नाही."

"प्रत्येकाची जाण वेगळी असते."

"बरं. मग हे गांडूळ? ह्या टीगन नावाच्या मुलीनं गांडूळ पाळलं होतं, त्याचं नाव जेराल्ड. आणि ह्या खालच्या मुलानं पाळलेलं, तेही जेराल्ड."

लुंडीननी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "एकाच गावची आहेत," ते म्हणाले. "दोघं मिळून पाळत असतील."

तो उन्हाळा त्यांनी लग्नघरासारखा घालवला. एक्केचाळीस फावडी मागवली आणि प्रत्येकाच्या दांड्यावर तापल्या सळईनं मुलाचं नाव स्वतः कोरलं. 'अलेक्झांड्रिया' नावाच्या मुलीपायी दोन दांडे जळाले. कृषिशाळेच्या मागच्या माळावर सहा फूट खोल खड्डा खणला. त्याची एक भिंत सुरीनं तासून, वर पाणी शिंपडून असे थर उघडे केले, की वरचा काळा, मधला तपकिरी आणि खालचा गंजाचे ठिपके असलेला करडा, तिन्ही उन्हात चमकावेत.

ऑगस्टच्या शेवटी स्वागताची सहल झाली. अर्लिसनं चार मोठी भांडी भरून ओव्हनमध्ये भाजलेली खिमा-भाज्यांची हॉटडिश केली होती, वर बटाट्याचे कुरकुरीत तुकडे रचलेले; शिवाय लिंबाच्या वड्या. एक्केचाळीस मुलं आईबापांसकट आली. सगळ्यांचे बूट पांढरे. खड्ड्याच्या कडेला एक दोरी लावलेली होती, तिच्या अलीकडे सगळे असे उभे राहिले, जणू पलीकडे वाघ आहे.

एक गृहस्थ हात पुढे करून आले. "क्रेग फेनविक. टीगनचा बाबा. छान आहे हो खड्डा, प्रोफेसर. एक विचारायचं होतं. इथून कॉम्प्युटरला कधी जाता येतं?"

"केव्हाही जा," लुंडीन म्हणाले. "वरच्या मजल्यावर आहे एक. कोंबड्यांच्या शेजारी."

फेनविक हसले. लुंडीनही हसले. मग फेनविक म्हणाले, "नाही, मी म्हणतो पहिल्या सत्रानंतर, की लगेचच?" आणि लुंडीनच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हॉटडिशकडे मोर्चा वळवला.

टीगन तिथेच उभी होती. हसरी, नीटनेटकी मुलगी. लुंडीन तिच्याकडे वळले. "जेराल्ड कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"जेराल्ड."

तिला आठवायला थोडा वेळ लागला. "अरे देवा," ती म्हणाली. "सर, आपण जरा बसू या का?"

दोघं उलट्या बादल्यांवर बसली आणि टीगननं त्यांना सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन सांगतात, तशा सुरात. त्यांच्या गावात मिस व्हॅनडोर्न नावाच्या सल्लागार बाई आहेत. आठवीपासून सगळी मुलं त्यांच्याकडे जातात. बाईंच्या भिंतीवर विद्यापीठाचा नकाशा आहे, त्यात शिरायला अवघड ते विभाग लाल आणि सोपे ते हिरवे रंगवलेत.

"शंभर जणांनी अर्ज केला तर कॉम्प्युटरवाले चार घेतात, सर. तुम्ही साठ घेता. अर्जात कुठला विषय लिहिला त्यावर सगळं असतं. मिस व्हॅनडोर्न म्हणतात, दार बंद असेल तर भिंतीत भुसभुशीत जागा शोधा."

"आणि ती जागा म्हणजे आम्ही."

"तुम्ही आणि लाकूडशास्त्र. पण लाकडावर निबंध जमत नाही. फार लवकर संपतो."

लुंडीननी विचारलं, "आजीच्या अंगणातली माती जिभेवर ठेवणारी?"

"ती शार्लट. तिची आजी अकराव्या मजल्यावर राहते." टीगननं त्यांच्या हाताला हलकेच हात लावला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, सर. फावडं खरंच सुंदर आहे."

लुंडीन त्याच संध्याकाळी डीनकडे गेले. माणूस सरळ होता. एक्केचाळीसपैकी एकालाही मातीत रस नाही, ही आकडेवारी खोटी आहे, मला ती नको, असं सगळं त्यांनी वाटेत पाठ केलं होतं. निम्मं बोलून झाल्यावर डीननी खांद्यावर हात ठेवला.

"मला माहीत आहे, अर्विड."

"कधीपासून?"

"लाकडाचे बावीस आले होते तेव्हापासून. हे बघ, तेवीस सप्टेंबरला डोकी मोजतात. त्या दिवशी ती पोरं तुझ्या खात्यात दिसली पाहिजेत, बस. बदलीच्या फॉर्मवर तुझी सही लागते ना? तोवर सही करू नकोस. नंतर कुठे जायचं तिथे जाऊ देत."

इथे लुंडीननी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण डोळ्यांपुढे टेप घेऊन आलेला बागकामवाला आला, अर्लिस आली, आणि कुणी न सांगितल्यामुळे अजून येणारे ते म्हातारे सहकारी आले. "बरं," ते म्हणाले.

पुढचे तीन आठवडे विभागप्रमुख लपून बसले. खोलीत बसावं तर मुलं फॉर्म घेऊन यायची, म्हणून ते सकाळीच डबा घेऊन माळावरच्या खड्ड्यात उतरत. पांढरे बूटवाले तिथवर येणार नाहीत असा हिशेब होता. चौथ्या दिवशी वरून आवाज आला, "सर, आत आहात का?"

नाइलाजानं लुंडीननी नियम केला: सही हवी असेल तर खाली या, माती ओली करून अंगठ्यानं दाबा, तिची पट्टी काढा, किती लांब निघते त्यावरून चिकणमाती किती ते सांगा. त्यांना वाटलं, एवढ्यानं एखाद्याला तरी गोडी लागेल. पहिली तीन मुलं नाक मुरडत उतरली आणि काही न सांगता चढली. चौथा मुलगा मात्र खाली येऊन आधी मिनिटभर गप्प उभा राहिला. मग भिंतीवर तळवा टेकवून म्हणाला, "सर, हा करडा थर मला अस्वस्थ करतो."

लुंडीनच्या अंगावर काटा आला. पाचव्या मुलीलाही तो थर अस्वस्थ करत होता. सहाव्यालाही. सातव्याच्या खिशातून कागद पडला. मिस व्हॅनडोर्न बाईंनी दोन पानी टिपण काढलं होतं, 'खड्ड्यात कसं वागावं'. त्यात आधी मौन पाळा, मग तळवा टेकवा, असं क्रमवार दिलं होतं.

"चढा वर," लुंडीन म्हणाले. "चोवीस तारखेला या सगळे."

चोवीस तारखेला त्यांनी चाळीस सह्या केल्या. एक मुलगी आली नाही. लुंडीनना भरून आलं. त्यांनी अर्लिसला तिचं नाव वहीत वेगळं लिहून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आली. फॉर्म हरवला होता, नवा हवा होता.

पण घोटाळा पुढेच होता. कॉम्प्युटरवाले काही दूधखुळे नव्हते. भुसभुशीत जागेतून आत शिरलेल्यांची त्यांच्या दारापुढे भली मोठी रांग लागली होती. त्यांनी मातीतले दोघे घेतले आणि दार लावून टाकलं. एकोणचाळीस मुलं परत तळघरात आली. मागोमाग पालक आले. सर्वांत पुढे क्रेग फेनविक.

"ही फसवणूक आहे!" ते अर्लिसच्या टेबलावर हात आपटून म्हणाले. "मातीच्या नावाखाली तुम्ही आमच्या मुलांना मातीच शिकवताय!"

"मग काय शिकवावं?" अर्लिसनं विचारलं.

हा प्रश्न डीनच्या कानावर गेला आणि त्यांना आवडला. पालकांच्या भावना लक्षात घेऊन त्यांनी पंधरवड्यात विभागाचं नाव बदललं. 'मृदा, माहिती आणि भविष्य विभाग.' अभ्यासक्रमात 'मातीचे कॉम्प्युटिंग' असा विषय घातला, आणि तो शिकवायला कुणी मिळेना म्हणून त्या निवृत्त प्राध्यापकांना दिला. त्यांना ईमेलसुद्धा अर्लिस छापून द्यायची. कोंबडीशास्त्राला तळघरात हलवलं, माती पहिल्या मजल्यावर आली, काचेचं दार लागलं. त्या हिवाळ्यात या नव्या विभागाकडे एकोणीसशे अर्ज आले. शंभरांत साठ घेणारे लुंडीन आता शंभरांत चार घेऊ लागले. म्हणजे घेत होतं प्रवेश कार्यालय. लुंडीनना कुणी विचारत नव्हतं.

मिस व्हॅनडोर्ननी नकाशावर मातीचा रंग बदलला असं टीगननं सांगितलं. "तुम्ही आता लाल आहात, सर. अभिनंदन."

मार्चच्या शेवटी एक मुलगी काचेचं दार खांद्यानं ढकलून आत आली. कोरिन हाउगेन. अकरा मैलांवरच्या हाउगेनांच्या शेतावरची. लुंडीन तिला चांगलं ओळखत होते. राज्यातल्या शाळांच्या माती-परीक्षेत ती सलग तीन वर्षं पहिली आली होती आणि तिन्ही वर्षं परीक्षक तेच होते. डोळे मिटून चिमूट चोळायची आणि सांगायची, पोयटा आहे, चिकण शंभरात अठरा. मोजल्यावर एकोणीस निघायचं.

तिनं टेबलावर पत्र ठेवलं. प्रवेश नाकारला होता.

"काहीतरी चुकलं असेल," लुंडीन म्हणाले. "निबंधात काय लिहिलं होतंस?"

"खालच्या शेतात पाणी साठतं. बाबांनी दोनदा नळ्या घातल्या तरी साठतं. का साठतं ते शिकायचंय." कोरिननं खांदे उडवले. "पाच ओळी झाल्या. दुसरं काय लिहिणार?"

लुंडीन पत्र घेऊन प्रवेश कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी कोरिनची फाइल काढली. वाचणाऱ्यानं शेरा मारला होता: 'विषयाची उत्कटता जाणवत नाही.'

"अहो, ह्या मुलीला माती कळते!" लुंडीनचा आवाज चढला. तीस वर्षांत तो प्रथमच चढला असावा, कारण दोन टेबलांपलीकडचे लोक उठून बघू लागले.

"असेल हो, सर. पण हिच्या शेजारी हा अर्ज बघा. ह्या मुलानं चार खंडांतली माती बाटल्यांत ठेवलीय, आणि त्या बाटल्यांवर जलतरंगासारखं काहीतरी वाजवतो. कसं नाही म्हणायचं? जागा भरल्या." बाईंनी आजूबाजूला बघून आवाज उतरवला. "पाच विभाग मेपर्यंत उघडे आहेत. प्राचीन ग्रीक तर रिकामंच पडलंय. तिथे अर्ज करू दे. एकदा आत आली की फॉर्मवर दोन सह्या, आणि तुमच्याकडे. हे मी तुम्हाला शिकवायला नको."

लुंडीन परत आले तेव्हा कोरिन तिथेच बसलेली होती. अर्लिसनं त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि खुर्ची ओढली. "मग बसा लिहायला," ती म्हणाली.

"मी खोटं लिहिणार नाही," कोरिन म्हणाली.

"खोटं नकोच. खऱ्यातून काढू. ग्रीक काही बघितलंयस कधी?"

कोरिननं विचार केला. "हायवेवरच्या त्या हॉटेलात खाल्लंय एकदा."

"अजून?"

"उन्हाळ्यात गावात कॉलेजच्या पोरांच्या क्लबचा बंगला आहे ना, तिथे साफसफाई करायचे. बिअरचे डबे गोळा करायला. दारावर क्लबच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं होती. मधलं लोंबत होतं."

"वर बघायचीस?"

"डोक्यात पडेल म्हणून बघायचे."

अर्लिस लुंडीनकडे बघू लागली. लुंडीननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वर्षभरापूर्वी एक्केचाळीस निबंध त्यांनी मोठ्यानं वाचले होते. सहा महिन्यांपूर्वी, तूही असलंच लिहिशील, असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला खड्ड्यात ढकललं असतं. पण आता त्यांच्या तोंडून वाक्य आपोआप आलं, सबंध, विरामचिन्हांसकट.

"लिही. 'दररोज सकाळी त्या उंबरठ्यावर मी मान वर करून थांबायचे. ती तीन अक्षरं मला वाचता येत नव्हती, आणि तरीही वाटायचं, ती केव्हाही माझ्याकडे झेपावतील.'"

"हे खरंय," कोरिन म्हणाली. "वारा असला की वाटायचं."

पुढचं तिघांनी मिळून लिहिलं. एका जागी कोरिननं नुसतंच 'अक्षरं होती' असं लिहिलं होतं, तिथे लुंडीननी 'अक्षरं मला अस्वस्थ करत' घातलं, आणि घालताना त्यांचे कान लाल झाले. अर्लिसला ते दिसलं.

मे महिन्यात कोरिनला ग्रीकमध्ये प्रवेश मिळाला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती आली तेव्हा लुंडीन पेन उघडूनच बसले होते. "आण तो फॉर्म."

कोरिननं पिशवी मांडीवर घेतली, पण उघडली नाही. "सही झाली नाही, सर."

"का? ग्रीकवाल्या बाई नाही म्हणाल्या?"

"मी विचारलंच नाही." ती पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "ब्रांटबाई दारातच उभ्या होत्या. माझा निबंध त्यांनी छापून घेतलाय. मला म्हणाल्या, सव्वीस वर्षांत असं कुणी लिहिलं नाही, आणि रडायला लागल्या. मग त्यांनी केक कापला. आम्ही नऊ जण आहोत यंदा, त्यांनी नऊ पुस्तकं स्वतः बांधून घेतलीत. आता त्या बाईंपुढे मी फॉर्म कसा काढू? त्यांच्या वर्गात बसले. रोज सकाळी आठला असतो."

"रोज?"

"शुक्रवारीसुद्धा."

"आणि माती?"

"माती दुपारी घेतलीय, जादा विषय म्हणून. टीगनच्या शेजारी बसते. तिला पट्टी काढायला मी शिकवलं." कोरिन उठली. तिला दुसऱ्या दिवशीसाठी क्रियापदं पाठ करायची होती. खूप रूपं होतात म्हणाली, कणसाला दाणे असतात तशी.

त्या आठवड्यात एकदा कँटीनच्या रांगेत लुंडीनना प्राध्यापक ओटिली ब्रांट भेटल्या. बारीक अंगाच्या, मोठ्या चष्म्याच्या बाई. सव्वीस वर्षं दोन-दोन विद्यार्थ्यांना ग्रीक शिकवत आलेल्या. त्यांच्या दोन्ही हातांत कागद होते.

"लुंडीन, तुमच्या भागातली मुलगी आहे माझ्याकडे! शेतावरची! ऐका, ऐका हे," आणि रांगेत उभ्या उभ्याच त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'ती तीन अक्षरं मला वाचता येत नव्हती...'"

लुंडीननी पूर्ण ऐकून घेतलं. मागचे लोक पुढे सरका म्हणत होते.

"खरं सांगा," वाचून झाल्यावर बाईंनी आवाज हळू केला. "लोक म्हणतात, ही मुलं टिकत नाहीत. नुसती दारातून आत यायला येतात. ही टिकेल ना?"

"आठच्या वर्गाला येते?"

"पहिल्या बाकावर असते."

"मग ती टिकेल," लुंडीन म्हणाले. हे खरं होतं, त्यामुळे म्हणताना त्यांना बरं वाटलं.

"आणि बाकीची आठ? त्यांचेही निबंध आहेत. एकजण तर झोपेत ग्रीक बोलतो म्हणे!"

लुंडीननी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. लुंडीनना आपल्या एक्केचाळीस जणांबद्दल सांगायचं होतं. तेवढ्यात वाढणाऱ्या बाईनं विचारलं, सूप कुठलं. त्यांनी दोन वाट्या मक्याचं सूप घेतलं, ब्रांटबाईंचे हात भरलेले होते म्हणून त्यांचा ट्रेही उचलला, आणि खिडकीजवळच्या टेबलापर्यंत जाईस्तोवर झोपेत ग्रीक बोलणाऱ्या मुलाचा निबंध ऐकत राहिले.